खडूची फुली

लोखंड जोडताना आधी टाके मारतात. दोन अँगल एकमेकांना लावून धरायचे, काटकोन बघायचा आणि मुगाच्या दाण्याएवढे ठिपके वितळवून ते जागेवर अडकवायचे. शिवणीआधी कच्चा दोरा घालतात, तसंच. सगळं मापात बसलंय अशी खात्री झाली की मग सांधा पूर्ण भरायचा. नुसत्या टाक्यांवरही लोखंड उभं राहतं. हाताने हलवलं तर हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काम झालं.

म्हणून माझ्या बाबांची एक पद्धत होती. जिथे नुसता टाका आहे तिथे ते शेजारी खडूने फुली मारत, आणि सांधा भरला की अंगठ्याने ती पुसत. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा असायचा आणि खिसा आतून पांढरा झालेला असायचा. आई धुताना बोलायची, "मास्तर व्हायचं होतं तुम्ही."

मास्तर काय, बाबा सातवीपर्यंतसुद्धा शिकले नव्हते. आई-बाबा वऱ्हाडातून पुण्यात आले तेव्हा मी कडेवर होते. बिबवेवाडीत आमची एक खोली, वर स्लॅब, आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये बाबांचं वेल्डिंग मशीन. मी बारावीला होते तेव्हा शहराबाहेर काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. काच बाहेरून दिसायची, आत सगळं लोखंड होतं, त्यामुळे बाबांना दम खायला वेळ नव्हता. त्याच इमारतींमध्ये पुढे बसून काम करायला मिळावं म्हणून माझ्या वर्गातल्या सगळ्यांना कॉम्प्युटरला जायचं होतं. मलाही. मला मार्क पडले, इंजिनिअरिंगला नंबर लागला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली.

हे मला सगळं नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. सांगताना मी स्वतःला सांभाळून घेते की काय, याचीही मला भीती वाटते.

अॅडमिशनचा फॉर्म घेऊन मी बाबांना शोधत साइटवर गेले. दुपारचे चार वाजले असतील. बाबा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गुडघ्यांवर बसून रेलिंग लावत होते. मी खालून हाक मारली. त्यांनी डोळ्यांपुढची काच खाली केली.

"बाबा, उद्या कॉलेजात यावं लागेल. पालकांनी समोर सही करायची आहे."

"उद्याच? परवा नाही चालत?"

"शेवटची तारीख आहे."

हातातला रॉडचा होल्डर त्यांनी खाली ठेवला. मग मशीन बंद करून खाली आले. सुपरवायझर फोनवर बोलत होता. बाबा त्याला म्हणाले, "उद्या पोरीच्या कॉलेजात जायचं आहे. परवा येऊन भरतो." त्याने फोन कानाला ठेवूनच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाबा लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. फॉर्मवर 'पालकाचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'वेल्डर' लिहिलं. बाबा वाकून बघत होते. हळूच म्हणाले, "फॅब्रिकेटर लिहितेस का? बरं वाटतं का ते?" मी खोडून फॅब्रिकेटर लिहिलं. खाडाखोड केल्याबद्दल क्लार्क आम्हाला बोलला, "घरून लिहून आणायला काय झालं होतं?" बाबा हसले. तो दिवस आमच्या घरातला सगळ्यात चांगला दिवस होता.

परवाच्या दिवशी सकाळीच निरोप आला. गॅलरीत फरशीचं सामान ठेवलंय, आता येऊ नका, बोलावू तेव्हा या. दरम्यान रंगाचं काम वरच्या मजल्यावरून सुरू होऊन खाली आलं. रेलिंगलाही रंग लागला. पुढच्या आठवड्यात फरशी बसवणारा एक माणूस दुपारी डबा खायला त्या रेलिंगला टेकून बसला आणि रेलिंगसकट खाली गेला. मांडीचं हाड मोडलं. जगला. प्लास्टर घालून त्याला त्याचा भाऊ गावी घेऊन गेला.

कॉन्ट्रॅक्टरने बाबांना बोलावलं. बाबा म्हणाले, "टाक्यावर मी फुली मारतो. मारल्याशिवाय राहत नाही." कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मारता ते माहीत आहे. त्या दिवशी मारली होती का?"

बाबांना आठवेना.

त्या संध्याकाळी ते घरी आले, पाय न धुता माझ्यासमोर बसले. "तू आली होतीस ना साइटवर? मी वर होतो, तू खाली होतीस. फुल्या दिसल्या होत्या ना तुला? पांढऱ्या?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हो बाबा. होत्या."

मी बघितलंच नव्हतं. मी पूर्ण वेळ फॉर्मकडे बघत होते, घामाने शाई पसरू नये म्हणून तो पदराआड धरल्यासारखा ओढणीत धरला होता. बाबांनी काम मध्येच सोडलं होतं ते माझ्या हाकेमुळे. फुल्या मारायच्या राहिल्या असतील तर त्याही माझ्या हाकेमुळेच. हे मला तेव्हा एका क्षणात कळलं, आणि त्याच क्षणात मी हो म्हणाले.

दोन दिवसांनी बाबा कॉन्ट्रॅक्टरला माझं म्हणणं सांगून आले आणि म्हणाले, रंगवाल्याची चूक निघाली. त्याने न बघता फुल्या घासून टाकल्या. आईने देवापुढे साखर ठेवली. त्या रंगवाल्याचं पुढे काय झालं, हे आम्ही तिघांनीही विचारलं नाही.

पण बाबा विचारत राहिले. मलाच. आधी रोज, मग दोन-चार दिवसांनी. जेवताना घास हातात थांबायचा. "डाव्या बाजूला पण होती ना फुली?" "हो बाबा." "दोन्ही खांबांना?" "हो." आणि होता होता एक विचित्र गोष्ट झाली. मला ती फुली दिसायला लागली. वर्गात फळ्याकडे बघताना, बसच्या खिडकीतून. काळ्या अँगलवर पांढरी, जरा तिरकी, एक रेघ लांब आणि एक आखूड. बाबा तशीच मारायचे. मी खोटं बोलले होते हे मला पक्कं माहीत होतं, तरी फुली रोज थोडी जास्त स्पष्ट व्हायची. कधीकधी वाटायचं, खरंच बघितली असेल का मी?

बाबांनी मशीनवर आईचं जुनं लुगडं टाकलं आणि ते एका कंपनीच्या गेटवर दिवसपाळीला सिक्युरिटीत लागले. निळा ड्रेस, टोपी. ग्रिलचं काम घेऊन कोणी दारात आलं तर त्याला ते दोन गल्ल्या पलीकडच्या चाचांच्या शेडमध्ये पाठवायचे. चाचांचं घराणं तीन पिढ्या पुण्यात लोहारकाम करत आलेलं. बाबांना सुरुवातीला त्यांनीच हाताखाली घेतलं होतं. बाबा कुठेही जिना चढताना कठड्याला आधी बोटांच्या गाठींनी ठोकून बघायचे. दवाखान्यातही. मी कॉलेजच्या गॅलरीत कठड्याला कधी टेकले नाही. मैत्रिणी म्हणायच्या, "तुला उंचीची भीती आहे का गं?" मी हो म्हणायचे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. कॉम्प्युटरवाल्यांनाही सुटका नाही. दोन पट्ट्या जोडून सरांना दाखवायच्या, त्याला 'जॉब' म्हणतात. वेल्डरची मुलगी असून होल्डर मी पहिल्यांदा तिथे धरला. माझा रॉड तीनदा चिकटला. चौथ्यांदा ओढला गेला. सर म्हणाले, "ठीक आहे. जरा घासून, रंग लावून आण. जॉब कसा स्वच्छ दिसला पाहिजे." मी घासून, रंग लावून नेला आणि मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीत आमची स्लॅबवर जायची बांबूची शिडी आईच्या पायाखाली मोडली. मोडली म्हणजे एक पायरी निखळली आणि आई स्लॅबच्या कडेला धरून लटकली. खाली उतरल्यावर हसत होती. वर पाण्याची टाकी, वाळवणं, सगळंच वर. तिला दिवसातून चार वेळा चढावं लागतं. बाबा म्हणाले, "विकतची आणू." मी म्हणाले, "मी करते. लोखंडी." बाबांनी ऐकलं की नाही कळलं नाही. टोपी घालून कामावर गेले.

मी मशीनवरचं लुगडं काढलं. शेडमध्ये जुने चौकोनी पाईप होते, सळया होत्या. आठ पायऱ्या, सोळा सांधे. मशीन सुरू केल्यावर जी गुणगुण आली ती ऐकून आई आतून पळत बाहेर आली आणि मला बघून दारातच थांबली. "मला वाटलं..." एवढंच म्हणाली आणि आत गेली.

चार दिवस लागले. पहिल्या दिवशी काच डोळ्यांपुढे धरायला उशीर झाला आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. डोळे मिटले की अंधारात पांढरं काहीतरी तरंगायचं. ते काय होतं ते मी आईला सांगितलं नाही. सांधे भरले, पण काही ठिकाणी भोकं राहिली, जाळीसारखी. मी ती लांबीने बुजवली. रंगारी भिंतीच्या भेगा बुजवायला वापरतात ना, तोच लगदा. पॉलिश पेपर मारला, अस्तराला रेड ऑक्साइड लावला, वर आकाशी रंगाचे दोन हात दिले. शिडी दुकानातल्यासारखी दिसायला लागली.

आईला चढायला द्यायच्या आधी कोणीतरी जाणत्याने बघायला हवं होतं. बाबांना विचारायची हिंमत नव्हती. मी चाचांना घरी घेऊन आले. त्यांनी शिडीभोवती एक चक्कर मारली.

"मस्त दिसते."

"दिसते म्हणजे?"

"दिसते म्हणजे दिसते. रंगाला किती मार्क देऊ, बोल."

"चाचा, वेल्डिंगचं सांगा ना."

"वेल्डिंग कुठं आहे? मला तर आभाळ दिसतंय." त्यांनी एका पायरीवर नखाने टकटक केलं. "बेटा, ही नागडी असताना दाखवायची. आणि घरात डॉक्टर बसलेला असताना तू कंपाउंडरकडे आलीस? तुझ्या बापाला विचार. मी तुझं तोंड बघून गोड बोलेन. तो नाही बोलणार."

बाबा सहाला आले. उजेड होता अजून. शिडी भिंतीला टेकवलेली त्यांनी दारातूनच बघितली. टोपी काढली.

"कोणी केली?"

"तिनं," आई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

बाबा जवळ गेले. एका सांध्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. गुळगुळीत होते सगळे. त्यांचा अंगठा तिसऱ्या सांध्यावर थांबला. "रंग पण तूच लावलास?"

"हो. चांगली दिसावी म्हणून."

"रंगाखाली काय आहे?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. चार दिवस त्या शेडमध्ये बसून, लोखंड आणि पॉलिश पेपर हातात घेऊन, एकदाही ते रेलिंग माझ्या मनात आलं नव्हतं.

"भरलंय बाबा. सगळं भरलंय."

"तू नीट बघितलंस?"

"हो."

"तेव्हा फुली बघितली होतीस, तसं?"

ते मला टोचून विचारत होते की खरंच माझ्या नजरेचा भरवसा धरून विचारत होते, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांचा चेहरा साधा होता. तो साधा होता म्हणूनच मला पुढचं हो म्हणता आलं नाही.

"बाबा, मी तेव्हा फुली बघितली नव्हती."

"नव्हती?"

"होती की नव्हती, मला माहीत नाही. मी वर बघितलंच नाही. मी फॉर्म बघत होते."

बाबा उंबऱ्यावर बसले. पुण्यात इतकी वर्षं राहून त्यांची गावाकडची भाषा बरीच पुसली गेली होती, पण तेव्हा आतून तीच आली. "काहून? काहून बोललीस मग?"

आईच म्हणाली, "तुम्हाला झोप लागत नव्हती म्हणून बोलली असेल."

"झोप आता तरी कुठं लागते," बाबा म्हणाले. मग टोपी गुडघ्यावर ठेवून, "तिच्या शब्दावर मी त्या रंगवाल्याला घालवला."

रविवारी ते मला घेऊन निघाले. रंगाचं सामान विकणाऱ्याकडून त्यांनी पत्ता काढला होता. तो पेंटर आता नारायण पेठेत एका जुन्या इमारतीचा जिना रंगवत होता, किरकोळ काम. मंडईला उतरून आम्ही चालत गेलो.

पेंटर लाकडी घोड्याच्या शिडीवर बसून भिंत घासत होता. बाबांच्याच वयाचा. केसांत चुना.

"ओळखलंत का?" बाबांनी विचारलं.

"न ओळखून कसं चालेल मिस्त्री? तुमच्या कृपेनं तर पेठेत आलो. बसा, पायरी सुकली आहे."

आम्ही बसलो. बाबा म्हणाले, "एक विचारायचं होतं. त्या रेलिंगवर..."

"खडू." त्याने घासणं थांबवलं नाही. "तीन महिन्यांनी विचारताय. बरं, विचारा."

"तुम्ही घासलंत तेव्हा फुल्या होत्या का?"

"मिस्त्री, धूळ असते, सिमेंट असतं, चुना असतो, पोरांनी काढलेली चित्रं असतात. माझ्या कागदाला सगळं सारखंच. मी बघत बसलो तर रंग कधी लावू? होत्या म्हणत नाही, नव्हत्या म्हणत नाही."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, वेल्डरच्या मुलीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. इंजिनिअरिंगला आहे ती. शिकलेली पोरगी खोटं कशाला बोलेल?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी तीच, हे त्याला कळलं असावं, कारण आवाज जरा उतरला. "मला पण ते पटलं, ताई. घरी जाऊन बायकोला म्हणालो, असेल खडू, माझ्याच हातानं गेला. त्या फरशीवाल्याचं मांडीचं हाड मीच मोडलं, असं धरून बसलोय मी."

मी उभी राहिले. बसून बोलता येईना. म्हणाले, "काका, मी बघितलं नव्हतं. मी खोटं बोलले."

तो हातातला पॉलिश पेपर बघत राहिला. उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. जिन्यात वरच्या मजल्यावर कोणाचा तरी रेडिओ चालू होता.

"कॉन्ट्रॅक्टरकडे जाऊ," बाबा म्हणाले. "तिघं. उद्याच."

"उद्या इथे दुसरा हात मारायचाय." तो भिंतीकडे वळला. "परवा."

परवा गेलो. बाबांनी कामावर रजा टाकली. कॉन्ट्रॅक्टरच्या टेबलावर दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. मी माझं वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही ते सोपं गेलं नाही. तो म्हणाला, "अहो, मिटलंय ते सगळं. आता कशाला उकरताय?"

"माझ्या नावावर लागलंय ते काढा," पेंटर म्हणाला.

"कुठे लिहिलंय तुमचं नाव?"

"लिहिलेलं असतं तर खोडता आलं असतं, साहेब."

बाबा मध्ये बोलले. "फुली होती का नव्हती, ते आता कोणी सांगू शकत नाही. पण सांधा मी भरला नव्हता. एवढं नक्की आहे. तेवढं माझ्या नावावर धरा." कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ठीक आहे, सांगतो सुपरवायझरला." त्याने सांगितलं की नाही, आणि सांगून काही झालं का, मला कळलं नाही. पेंटर बाहेर येऊन सरळ बसस्टॉपकडे गेला. पुढे वर्षभराने तो मला एका नव्या सोसायटीच्या बाहेर रंगाचे डबे उतरवताना दिसला. मी हात केला. त्याने बघितलं असेल, नसेल.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबा म्हणाले, "त्या शिडीचा रंग काढ. मग बघतो."

रंग काढायला मला दोन दिवस लागले. लांबी सगळी निघाली आणि खालची भोकं दिसली. बाबांनी हातोडी घेतली. एकेका सांध्यावर ठोका मारून ते कान लावायचे. पहिल्या चार सांध्यांना काही बोलले नाहीत. पाचव्याला नुसता ठोका बसला आणि सळई सुटून लोंबकळली. खालून तिसरी पायरी. आई नेमका तिथेच जोर देते. नंतर अजून दोन सुटले.

"रॉड लांब धरतेस," ते म्हणाले. "घाबरून हात मागे घेतेस. जवळ धर आणि हळू ने. घाई झाली की वर दिसतं, आत जात नाही."

मी म्हणाले, "तुम्ही करून दाखवता?"

त्यांनी होल्डरकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. पण ते उठून गेले नाहीत. स्टूल घेऊन माझ्या बाजूला बसले, दुसरी काच डोळ्यांपुढे धरून. मी तिन्ही सांधे तोडून पुन्हा केले. एक त्यांनी परत तोडायला लावला. तो मी तिसऱ्यांदा केला तेव्हा त्यांनी ठोकून बघितला आणि हातोडी खाली ठेवली.

"झालं का बरोबर?" मी विचारलं.

"धरलंय."

"म्हणजे चढायला दिलं तर चालेल ना आईला?"

"आधी मी चढतो," ते म्हणाले, आणि चपला काढून वर गेले. पुन्हा खाली आले, पुन्हा वर गेले. प्रत्येक पायरीवर थांबून त्यांनी अंगाचा भार टाकला. मी खाली उभी राहून मोजत होते. सोळाही सांधे उघडे होते, काळे, ओबडधोबड, माझे. बाबांनी त्यांना रंग लावू दिला नाही. पावसाळ्याआधी लावू म्हणाले, तोवर दिसू देत.

फुली मला अजूनही दिसते. खरं बोलल्याने ती जाईल असं वाटलं होतं, गेली नाही. तशीच तिरकी, एक रेघ आखूड. आई शिडीवर चढते तेव्हा मी घरी असले तर खाली येऊन उभी राहते. ती म्हणते, "जा गं, अभ्यास कर, मी काही पडत नाही." मी जाते म्हणते, पण ती स्लॅबवर पोचेपर्यंत तिच्या पायाखालच्या सांध्यांकडे बघत राहते.